पाण्यात सांगायची खूण

पाएआ आत्याने बसच्या पायरीवरून एक पाय खाली टेकवला. दुसरा अजून वरच होता, तेवढ्यात तिने विचारलं, "हाकू कुणी आणलाय?"

कुइनी पुढे झाली. तिने आत्याच्या हातातली पिशवी घेतली, कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं. दोघींचा श्वास क्षणभर एक झाला. आत्याच्या लोकरी शालीला डांबराच्या गोळ्यांचा तोच जुना वास येत होता.

"आत्या, आधी बस तरी."

"दिवसभर बसलेच आहे. बसून बसून बसायची जागा झिजली. हाकूचं सांग."

"उद्याचं उद्या बघू."

"उद्याच्या पंगतीला उद्याच पकडणार?" आत्या हसली. तोंडात दात होते तेवढे सगळे दिसले. "तुझा बापही तसंच करायचा म्हणा. पहाटे जायचा, पाहुणे यायच्या आत परत. पण तो पाओरा होता."

तो पाओरा वर्षापूर्वी टेकडीवर जाऊन निजला होता. उद्या त्याच्या थडग्याच्या शिळेवरचं कापड काढायचं होतं. डोंगरापलीकडून, नद्यांपलीकडून माणसं येणार होती. शिळेपाशी रडून झालं की ती जेवणघराकडे वळणार होती आणि टेबलावर पहिली नजर टाकणार होती ती हाकूसाठी. दुसऱ्या खाड्यांची ख्याती शेवंडांची, कुणाची मटणाची. या खाडीची ख्याती हाकू माशाची होती. पाठ निळी-हिरवी, कुशीवरून सोन्याचा पट्टा, शेपूट हळदीत बुडवल्यासारखं, आणि अंगात बैलाचं बळ. पाहुण्यांना हाकू आणि घरातल्या थोरल्या बाईला त्याचं डोकं, हा या घराचा मान. पाओरा गेल्यापासून मात्र या घरात एकही हाकू शिजला नव्हता. का, ते कुणी विचारलं नव्हतं. सांगणारा होता तो बोलत नव्हता.

जेवणघरात पिरिहिरा रताळी सोलत बसली होती. पाओराची बायको. वर्षभराचं काळं अजून अंगावर होतं. नणंद दारात दिसली तशी ती उठली. दोघी गळ्यात पडून आधी रडल्या. पोटभर रडून झालं तेव्हा आत्याने डोळे पुसत भांड्यात डोकावून पाहिलं.

"रताळी बारीक आहेत गं यंदा."

"तुमच्या भावाच्या हातची नाहीत ना, वन्सं. जावयाने लावलीत."

"अगंबाई, जावईबापूंनी!"

जावईबापू नेमके तेव्हाच लाकडांची मोळी खांद्यावर घेऊन आत आले. तामेहाना आतल्या जंगलातला माणूस. त्याच्या गावात दुपारपर्यंत धुकं झाडांवरून उतरत नाही. कुइनीशी लग्न करून इथे आला त्याला बरीच वर्षं झाली, तरी समुद्राकडे तो अजून सासऱ्याकडे बघावं तसा बघायचा, आदराने आणि लांबून.

"या, या," आत्या म्हणाली. "लाकूड कसलं आणलंय ते आधी दाखवा. गेल्या वर्षी माझ्या भावाच्या मयताला मटण खाल्लं, तर घशात राळच राळ. परत घरी पोचेस्तोवर मला वाटत होतं की मी फर्निचर खाल्लंय."

सगळे हसले. तामेहानाही हसला. "मानुका आहे, आत्या. वाळलेलं. वास घेऊन बघा."

दाराशी एरुएरा दोर तपासत बसला होता. पाओराचा थोरला, पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा, बापासारख्याच रुंद खांद्यांचा. तो मात्र हसला नाही.

"आणि तू रे?" आत्याची तोफ तिकडे वळली. "बायको नाही आणलीस ती नाही. हाकू तरी आणशील का उद्या?"

"बघू."

"तुझ्या बापाने कधी बघू म्हटलं नाही."

"मग समुद्राला निरोप धाडू का, आत्या आलीय म्हणून?"

"धाड. ओळखतो तो मला."

तामेहानाने मोळी उतरवली, अंगावरची सालं झटकली आणि शांतपणे म्हणाला, "एरू, उद्या मी येतो तुझ्याबरोबर. दोर ओढायला दोन हात जास्तीचे."

एरुएराने मान वर केली नाही. "तू कशाला? तुला झाडं कळतात ना? तू झाडंच तोड."

पिरिहिराच्या हातातलं रताळं डुबकन भांड्यात पडलं. तामेहानाने चुलीशी एकेक लाकूड नीट रचून ठेवलं, जसं आधी ठरवलं असेल तसंच, आणि बाहेर गेला. कुइनीने हातातली सुरी ठेवली आणि भावाकडे असं पाहिलं की तो खरंतर भाजूनच निघायला हवा होता.

"काय मिळतं रे दादा तुला?" म्हणून ती नवऱ्यामागे गेली.

*

तो जुन्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. गोठ्यामागे पाइनचा रुंद बुंधा उरला होता. त्याच्या कापलेल्या तोंडावर राळ आली होती, वाळली होती, पुन्हा आली होती.

"शिळा उघडली की आपण निघू," तामेहाना म्हणाला. "माझ्या आईचं घर रिकामंच आहे. छप्पर घातलं की झालं."

कुइनीला हे येणार ठाऊक होतं. तरी ऐकताना पायाखालची वाळू लाटेने ओढून नेल्यासारखं वाटलं. "आईला सांगितलंस?"

"तुझ्या आईशी माझं भांडण नाही. आत्याशीसुद्धा नाही. ती शिव्या देते, मी हसतो, संपलं. एरू शिव्यासुद्धा देत नाही. वर्ष झालं, कुइनी. शेजारी बसून जेवतो, मीठ मागायचं तर दुसऱ्याकडे मागतो. मी काय केलं तेही सांगत नाही."

"तुला काही सुचतं का?"

"सुचून सुचून थकलो. मयतापासून सुरू झालं, एवढं कळतं."

मयताचे ते दिवस दोघांच्याही डोळ्यांसमोरून गेले. बाबा सभाघरात, भोवती घरची माणसं. घरच्यांनी प्रेताजवळून हलायचं नाही, चुलीकडे बघायचं नाही, हा नियम. आई, एरुएरा, कुइनी, तिघं तिथे बसलेली. आणि मागे सगळं काम जावयांचं, सुनांचं. खड्डे खणायचे, दगड तापवायचे, त्यावर मांस, रताळी, भोपळा टोपल्यांतून पुरायचा, उकरायचा, वाढायचा, पुन्हा पुरायचा. त्यात पाऊस. असा पाऊस की जमिनीने पाणी घेणं थांबवलं. रचून ठेवलेलं मानुका भिजलं, संपलं. बसा मात्र येतच होत्या, एकामागून एक. पाओराला निरोप द्यायला सगळा किनारा लोटला होता. खड्डा थंड पडला असता तर पाहुणे उपाशी गेले असते आणि ते या घराला जन्मभर पुरलं असतं. पावसात पेटेल असं एकच लाकूड आसपास होतं. राळेने भरलेलं. तामेहानाने करवत उचलली.

"माणसं जेवली ना?" तो आता म्हणाला, स्वतःलाच विचारल्यासारखं.

"जेवली," कुइनी म्हणाली. तिने त्याच्या केसांतली साल काढली. मग सरळ आईकडे गेली आणि सगळं सांगितलं.

*

पिरिहिराने ऐकून घेतलं. रताळ्यांची सालं एका जागी गोळा केली, हात धुतले.

लेक जाणार. एवढंच तिच्या मनात घुमत राहिलं. घरातून आधी त्याचा खोकला गेला, मग त्याची टोपी खुंटीवरून गेली, आता लेक जाणार. आणि पोरगा राहणार एकटा, त्या दोरांच्या गुंत्यात, तोंड मिटून. ती बाहेर पडली. उतरती वेळ होती. ओहोटीने पाणी लांब नेलं होतं आणि ओल्या वाळूवर आभाळ उलटं पडलं होतं. अशाच वेळी पाओराची होडी दिसायची. ती भिंतीपाशी उभी राहून गुणगुणायची. लेकरांना निजवायचंच गाणं होतं, पण त्याला कळायचं की ते त्याच्यासाठी आहे.

सोनशेपट्या राजा रे, म्हातारीच्या मांडीवरून ऊठ,
माझ्या दारी धूर निघाला, वाट धर नीट.

म्हातारी म्हणजे तो खडक. खोल पाण्यातून वर आलेला, पण पाण्याबाहेर न दिसणारा. पाओराच्या बापाने तो ओळखला होता, त्याच्याही बापाने. कुठे आहे ते घरातला एकच माणूस जाणायचा. खडक सापडला तर हाकू सापडायचा. तो तिथे प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, वाहत येणाऱ्या मासोळीची वाट बघत. चार होड्यांएवढं इकडे नाहीतर तिकडे सरकलं तर नुसतं निळं पाणी.

एरुएरा होडीशी वाकला होता. ती त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"तामेहाना कुइनीला घेऊन चाललाय. कायमचा."

त्याचे हात थांबले.

"आता सांग, त्याने काय केलंय तुझं."

"काही नाही."

"एरू."

"आई, नाही सांगता येत."

"येत नाही म्हणजे? जीभ आहे, मी जन्म दिलाय तिला."

"इथे नाही सांगता येत," तो म्हणाला. पायाखालच्या वाळूकडे बघत म्हणाला. "बाबांना शब्द दिलाय. जमिनीवर ते बोलायचं नसतं."

पिरिहिराला सगळं तिथेच उमगलं नाही, पण एक धागा हाती आला. मासेमारीच्या खुणा जमिनीवर बोलायच्या नाहीत. जमिनीला कान असतात, वारा ऐकतो, शेजारी ऐकतो. पाओराही म्हणायचा, तोंडात खूण असली की पायाखाली पाणी हवं.

तिने काळा झगा दोन्ही हातांनी वर धरला आणि चालू लागली. ओल्या वाळूवरून, मग फेसातून, मग पाण्यात.

"आई! कुठे चाललीस?"

"जमिनीवर नाही ना बोलायचं? मग ये इकडे."

"अगं, पाणी गार आहे. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. ये."

गुडघाभर पाण्यात ती उभी राहिली, तोंड समुद्राकडे. तो आला. मोठाले हात असून नसल्यासारखे लोंबत.

"आता बोल."

आणि एरुएरा बोलला. वर्षभर दातांमागे धरलेलं एका दमात बाहेर पडलं. "आई, म्हातारी हरवली. म्हातारी सापडत नाही मला. होडी खोल पाण्यात न्यायची, किनाऱ्याकडे वळून डोंगराच्या दोन शिंगांमधली खाच बघायची, आणि त्या खाचेत गोठ्यामागचा पाइन येऊन उभा राहिला की समजायचं, आपण बरोबर रेषेवर आहोत. ही एक रेष. दुसरी वेगळी. दोन्ही जुळल्या की खाली म्हातारी. बाबा गेल्यावर पहिल्यांदा गेलो आणि वळून पाहिलं तर खाच रिकामी. नुसतं आभाळ. तेव्हा कळलं, सभाघरात बसून ऐकत होतो ती करवत कशावर चालली होती."

पाणी त्यांच्या पायांभोवती फिरून गेलं.

"वर्षभर जातोय. अंदाजाने जातो. काहावाईसारखे किरकोळ मासे मिळतात, हाकू नाही. वजन सोडून तळ चाचपतो. परवा संध्याकाळी होडीत बसून रडलो, आई. बापाने एक गोष्ट हातात दिली होती."

"आणि त्याला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझ्या बापाच्या पाहुण्यांना जेवू घातलंस ते चुकलंस, असं? सगळा किनारा मेल्या बापाच्या नावाने तृप्त होऊन गेला, त्याच झाडावर. तोंड उघडलं तर मी हलका होतो. आणि खूणही फुटते. म्हणून गप्प राहिलो. गप्प राहिल्यावर आणखी राग यायचा."

पिरिहिराला एकदम हसू आलं, तिचं तिलाच नवल वाटलं. "तुझा बाप त्या झाडाला बैल बांधू द्यायचा नाही. फांदीवर धुणं टाकलं एकदा, तर दोन दिवस बोलला नाही. मी म्हणायचे, याला पाइनचं एवढं काय! मला मेल्याने कधी सांगितलं नाही." तिने डोळे पुसले. मग किनाऱ्याकडे तोंड करून हाक मारली, "तामेहाना! ए तामेहाना! इकडे ये!"

तो गोठ्याकडून धावत आला, पाण्याच्या कडेला येऊन थबकला.

"बूट काढ आणि आत ये."

जेवणघराच्या दारात पाएआ आत्या काठी टेकून उभी होती. "काय चाललंय गं? बाप्तिस्मा देतेस का त्याला?"

"हो, वन्सं! तुम्हालाही हवाय का?"

"नको बाई. माझा झालाय, दोनदा."

तामेहाना आला. पाणी जसजसं वर चढत गेलं तसतसा चेहरा गंभीर होत गेला. पिरिहिरा मुलाला म्हणाली, "सांग." एरुएराने सांगितलं, पहिली रेष, पाइनची. तेवढीच. दुसरीबद्दल बोलला नाही. तामेहाना ऐकत होता आणि त्याची मान हळूहळू डोंगराकडे वळत होती. तिथे दोन शिंगांमध्ये संध्याकाळचं पिवळं आभाळ भरलेलं होतं.

"मी कापलं ते," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"शिव्या द्यायच्या होत्यास रे. वर्षभर देऊन टाकायच्या होत्यास. मी रोज सकाळी उठून वाट बघत होतो."

"आता देऊ?"

"दे."

एरुएराने एक दिली. इथे लिहिण्यासारखी नाही. पिरिहिराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तामेहानाने मान डोलावली, जणू उधार ठेवलेली वस्तू परत मिळाली. मग दोघांनी खाचेकडे पाहिलं. पाइन कापला की पाइन परत उभा राहत नाही, निदान ते जिवंत असेपर्यंत तरी नाही.

"त्याचं लाकूड आहे अजून," तामेहाना म्हणाला. "मुळाकडचे ओंडके. राळेमुळे कुणी घेतले नाहीत. गोठ्यात पडलेत."

"मग?"

"बुंध्याशेजारी पेटवतो. आधी कोरडं, वर ओलं नेचं. आमच्याकडे धुक्यात वाट चुकलेल्याला असाच धूर दाखवतात. जाड असतो, फाटत नाही." त्याने हात उभा केला, कोपरापासून बोटांपर्यंत सरळ. "असा उभा राहतो. पण वारा नसेल तरच."

एरुएरा त्या हाताकडे बघत राहिला. "उजाडताना वारा नसतो. सूर्य वर चढेपर्यंत."

"तेवढ्यात होईल तुझं?"

"बाबांचं व्हायचं."

*

पहाट राखाडी उगवली. पाणी असं निपचित की होडीच्या पुढे ते दुमडत जाताना दिसत होतं. कुइनी होडीच्या पुढच्या टोकाला बसली होती. लहानपणी एकदाच ती बाबांबरोबर इकडे आली होती. म्हातारी जवळ आली की बाबांनी आपली टोपी तिच्या डोळ्यांवर ओढली होती, पार नाकापर्यंत. आत तंबाखूचा आणि खाऱ्या घामाचा वास. त्या वासात बसून तिने माशाची धडपड ऐकली होती, बाबांचं हसणं ऐकलं होतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिने कानांनी पाहिली होती.

"दादा, डोळे झाकू का?"

एरुएरा वल्ह्याशी होता. इंजिन त्याने मघाशीच बंद केलं होतं, हाकूला त्याची घरघर आवडत नाही. "नको," तो म्हणाला. "बघ. नीट बघ. मी पुढे बघतो, तू मागे. मला दुसरे डोळे हवेत."

वाटेत त्यांनी शिंपल्याच्या चकचकीत तुकड्याचा गळ मागे सोडून काहावाई धरले होते. ते होडीतल्या पाण्याच्या पिंपात फिरत होते, जिवंत, रागावलेले. हाकूला मेलेलं आमिष दाखवणं म्हणजे पाहुण्यापुढे शिळं वाढणं. दूर पाण्यावर पाखरं बसली होती, उठत नव्हती. खाली अजून काही नव्हतं.

कुइनी किनाऱ्याकडे बघत होती. डोंगराची दोन शिंगं, मधली खाच रिकामी. डावीकडे गोठ्याचा ठिपका. धूर नाही.

"पेटलं नाही वाटतं."

"थांब."

"दव पडलंय रात्री. नेचं फार ओलं घातलं असेल त्याने."

"कुइनी, तुझा नवरा पावसात माणसं जेवू घालणारा आहे. थांब."

हे वाक्य दादाच्या तोंडून आलं म्हणून ती वळून बघणार होती. तेवढ्यात ठिपक्यापाशी काहीतरी पांढरं हललं. मग जाड झालं. मग उठलं. सरळ, गोल, दाट, आपल्याच वजनाने उभं राहिल्यासारखं. होता त्याच जागी पाइन पुन्हा वाढत होता, एका श्वासात वर्षानुवर्षांचा.

"आलं," ती म्हणाली. तिने हात उंचावून दाखवलं.

एरुएराने वल्हं मारलं. धूर डोंगरावरून सरकू लागला. एका शिंगाला टेकला. शिंगावरून पुढे सरकला. खाचेच्या कडेला आला.

"अजून," कुइनी म्हणाली. "अजून थोडं. आत शिरला. मधोमध! दादा, मधोमध!"

आता त्याने दुसऱ्या बाजूला पाहिलं, तिथे जे बघायचं ते बघितलं आणि होडी त्या रेषेवरून हळूहळू पुढे नेली. मग वजन सोडलं. दोर गेला, गेला, आणि एकदम सैल पडला. एरुएराने डोळे मिटले.

"म्हातारी," तो हलकेच म्हणाला.

तिकडे बुंध्यापाशी तामेहानाचं तोंड काळं झालं होतं. त्याला होडी दिसत होती, टाचणीएवढी. ती थांबली एवढं कळत होतं. चुकून थांबली की बरोबर, ते कळत नव्हतं. पिरिहिरा त्याच्याजवळ गोणपाटावर बसून नेच्याच्या जुड्या हातात देत होती. राळेचा वास दोघांच्या अंगात मुरला होता.

"गालाला काही लागतंय का तुमच्या?" त्याने विचारलं.

"लागतंय," ती म्हणाली. "वारा उठतोय."

धुराचा शेंडा वाकला होता. समुद्राच्या बाजूला वाकला असता तर बिघडलं नसतं, रेष तीच राहिली असती. पण तो आडवा, गावाकडे कलला. तामेहानाने उरलेले सगळे ओंडके एकदम आगीत ढकलले.

होडीत एरुएराने एक काहावाई पिंपातून काढला, पाठीच्या कातड्यात गळ ओवला आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडला. दोर बोटांवर ठेवला, धरला नाही. "शेंडा बघू नकोस," तो म्हणाला. "धुराचं मूळ बघ. मूळ हललं नाही तर आपण हललो नाही."

"मूळ खाचेत आहे."

दोर सावकाश चालला होता. मग थरथरला. खालचा काहावाई भ्यायला होता, त्याची भीती दोरातून वर चढत होती. "बघतोय कुणीतरी त्याच्याकडे," एरुएरा म्हणाला. मग दोर पळाला.

"धर!"

"अजून नाही. गिळू दे. आता!" त्याने दोर मुठीत आवळला आणि मागे झुकला. होडी कलंडली. "वल्हं घे, कुइनी! खडकापासून लांब! खाली गेला तर म्हातारीच्या कुशीत शिरेल, दोर कापेल!"

तिने वल्हं मारलं. बाबांच्या टोपीतून ऐकलेलं सगळं आता उघड्या डोळ्यांनी होत होतं. दादाच्या हातांवरचं कातडं सोलत होतं आणि तो हसत होता, अगदी बाबांसारखा, तोंड वर करून. खोल निळ्यातून आधी एक पिवळी चमक आली, मग हिरवी पाठ, मग सोन्याचा पट्टा.

"ओढू वर?"

"नको, पाण्यातच राहू दे. बघ."

धडपडणाऱ्या हाकूमागून दुसरा वर आला, मग आणखी दोन. आपल्यातला एक कुठे चाललाय ते बघायला. होडीभोवती फिरू लागले, कुतूहलाने, लग्नघरी आलेल्यांसारखे. एरुएराने दुसरा दोर त्यांच्यात सोडला, आणि पहिल्याच्या तोंडातला गळ काढून त्याला हलकेच सोडून दिलं. पहिला मासा समुद्राचा, अशी रीत. तो क्षणभर तिरका राहिला, मग शेपटीच्या एका फटक्याने खाली गेला.

कुइनीने मागे पाहिलं. धूर विस्कटला होता, सगळीकडे पांगला होता. पण आता चाललं असतं.

*

शिळेवरचं कापड निघालं, नाव वाचलं गेलं, माणसं रडली. मग सगळी जेवणघराकडे वळली आणि टेबलावर नजर टाकून थबकली. मोठ्या माणसांचे खांदे खाली आले, घरी आल्यासारखे.

पाएआ आत्याला हाकूचं डोकं वाढलं. ती गालाचा मऊ भाग बोटांनी काढून खात होती, डोळे मिटून. शेजारी तामेहाना वाढायला उभा होता. आत्याने नाक फेंदारलं.

"राळेचा वास येतोय."

"माशाला नाही, आत्या. माझ्या अंगाला."

"ते कळतंय मला. मी म्हातारी आहे, मूर्ख नाही." तिने त्याची बाही धरली आणि जवळ ओढून वास घेतला, एकदा, पुन्हा एकदा. "माझा भाऊ गेला त्या दिवशी हाच वास होता," ती म्हणाली. "घशात अडकला होता तो. आज उतरला." आणि तिने हाकूचा डोळ्यामागचा तुकडा, जो कुणालाही देत नाहीत, काढून त्याच्या तोंडात घातला.

उतरत्या वेळी बसा गेल्या. पिरिहिरा भिंतीपाशी बसली होती, काळं उतरवून. खाली पाण्यात एरुएरा होडी धूत होता, गुडघाभर पाण्यात उभा. तामेहाना वाळूवर होता, ताटं घासायची राख गोळा करत. दोघांमध्ये फेसाची एक रेष होती.

एरुएराने होडीवर पाणी मारलं, थांबला. मान वर न करता म्हणाला, "दुसरी रेष राहिली."

"काय?"

"दुसरी. एकीने काही होत नाही."

"मला कशाला?" तामेहाना म्हणाला. "मी तर..." त्याने डोंगराकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं. "मला पोहतासुद्धा येत नाही, एरू."

"बुडशील तेव्हा बुडशील. माझ्यामागे खूण कुणाला तरी ठाऊक हवी. इथे ये. जमिनीवर बोलता येत नाही."

पिरिहिराला बोलणं ऐकू येत नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की तामेहानाने राखेची बादली खाली ठेवली, वाकला आणि सावकाश, एकेक करत, बुटांच्या नाड्या सोडू लागला.